पाणी कशाला, चहाच घ्या

१४ जानेवारी

ताई,

सप्रेम नमस्कार वगैरे गृहीत धर. फोन केला की तू तो भाऊजींच्या हातात देतेस आणि भाऊजी माझ्याशी तिकडच्या थंडीवर बोलतात. मला तिकडच्या थंडीत काडीचा रस नाही, म्हणून पत्र. पत्राला निदान मधेच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील धाकटीला कौतुक करायची सवयच नाही. तुमच्याकडून घेतलेलं घर छान आहे. जुनं आहे, दारं कुरकुरतात, जिन्याची एक पायरी पाय ठेवला की बोलते, पण छान आहे. अण्णांना विहिरीकडची खोली दिली. मागच्या शेडमध्ये बेकरीची भट्टी बसली. तू जाताना घर इतकं धुवून दिलंस की ब्लिचिंगच्या वासाने अजून डोळे चुरचुरतात. अण्णा म्हणाले, थोरलीचं काम म्हणजे काम. मी पंधरा दिवस सामान उचलतेय त्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. तुझ्या सगळ्या सूचना पाळतेय. खिडक्यांना तेल दिलं. गुलाबाच्या वाफ्याला हात लावलेला नाही, मुळं नाजूक आहेत, खणायचं नाही, सगळं लक्षात आहे. तू मुलांना इतकं जपलं नसशील.

आता मुद्द्याचं. खमीर मेलं.

अण्णांचं खमीर. बरणीतला तो आंबलेला लगदा, जो आपल्या दोघींच्या आधीपासून घरात आहे आणि ज्याचे आपल्यापेक्षा जास्त लाड झाले. अण्णांचा नियम तुला माहीत आहे: नव्या जागी गेलं की आधी अर्धं खमीर नव्या पाण्यात कालवायचं. फुगलं तर पाणी आपलं. नाही फुगलं तर त्या पाण्याला तोंड लावायचं नाही. आजवर प्रत्येक जागी हेच केलं. इथे कालवलं, आणि सकाळी बघतो तर गोळा तळाला, वर पिवळट पाणी, बुडबुडा एक नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अण्णा बरणी मांडीवर घेऊन बसले होते. सुतकात बसल्यासारखे.

तपासणीचा कागद आहे माझ्याकडे. घर घेण्याआधी मी स्वतः माणूस आणून स्वयंपाकघरातल्या नळाला येणारं विहिरीचं पाणी तपासून घेतलं होतं, तुला राग आला होता तरी. कागद म्हणतो पाणी शुद्ध. खमीर म्हणतं नाही. अण्णा अर्थातच खमिराच्या बाजूने. आम्ही पिण्याचे कॅन विकत आणतोय.

तर सांग, तुमच्या विहिरीच्या पाण्यात काय आहे? आठवायला गेलं तर तुझ्या घरी मी कधी पाणी प्यायलेच नाही. आलं की तू म्हणायचीस, "पाणी कशाला, चहाच घ्या." ते पिवळ्या फुलांचं मेणकापड घातलेलं टेबल, आणि चहावर चहा. अण्णा अजून सांगतात, थोरलीचा हात सढळ.

लवकर कळव. दुकान विकून इथे आलोय. परत जायला जागा नाही.

धाकटी

२९ जानेवारी

ताई,

फुगलं.

तू लिहिलंस ते अगदी बरोबर होतं. "बंद घराचं साचलेलं पाणी आहे, उपसा करा, आपोआप सुधारेल." पंप लावला आणि विहीर रिकामी होईस्तोवर पाणी गटारात सोडलं, पुन्हा भरली तशी पुन्हा उपसली. शेजारचे लोक कामं सोडून बघत होते. मग बाजूला ठेवलेलं उरलेलं खमीर कालवलं. काल सकाळी बरणीचं झाकण वर उचललेलं आणि खमीर बाहेर ओघळलेलं. इतकं जोरात ते जुन्या दुकानातही कधी फुगलं नव्हतं.

अण्णांनी पहिला पेला स्वतः भरून घेतला. मला देईनात. उभ्याने प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे. थोरलीच्या विहिरीचं पाणी आहे." मग अजून एक प्यायले.

कॅन बंद केले. पुन्हा एकदा तपासणी करायचं चाललं होतं, तीही नको म्हटलं. मागच्या पत्रात जरा जास्त बोलले. माझी जीभ तुला माहीत आहे. सोडून दे.

पाव सुरेख होतोय. कोपऱ्यावरच्या शाळेने रोजचा लावलाय.

धाकटी

११ मार्च

ताई,

तीनदा फोन केला. तीनदा भाऊजी. तिसऱ्यांदा मी सांगितलं की अण्णा इस्पितळात आहेत, तर म्हणाले, "अरेरे, वय झालं की असं व्हायचंच." वयाने डोळे हळदीसारखे पिवळे होतात का, विचार त्यांना.

कावीळ आहे. आधी जेवण सोडलं, मग ताप, मग एक दिवस आरशासमोर उभे राहून मला म्हणाले, "माझे डोळे बघ गं, दिव्यामुळे दिसतात का तसे?" दिवा बंद होता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फार बोलत नाहीत. पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? मी ताठ मानेने सांगितलं, विहिरीचं, तपासलेलं. त्या म्हणाल्या, कधी तपासलं? मी सांगितलं. त्यावर म्हणाल्या, मैला मिसळलेल्या पाण्यातून येणारी कावीळ आहे ही. घरात कुणी गरोदर बाई आहे का? मी म्हटलं, नाही, आम्ही दोघंच. त्यांनी श्वास सोडला. म्हणाल्या, बरं झालं, पोटुशी बाईला ही झाली तर आम्हाला काही करता येईल की नाही सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली. पाणी नेलं. विहिरीत मैल्याचं पाणी झिरपतंय म्हणाले. कुठून, ते त्यांना सापडत नाही. संडासाची नवी टाकी रस्त्याच्या बाजूला आहे, ती ठीक आहे. त्यांचं म्हणणं, जुन्या घरात जुना शोषखड्डा असतो, तो कुठे आहे ते आधीच्या मालकांना विचारा. बेकरीला टाळं लावलं. पाव भट्टीतून जातो म्हणून शाळेतली मुलं वाचली, नाहीतर मी आज कुठे असते कोण जाणे. खड्डा सापडून रिकामा होईपर्यंत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत टाळं निघणार नाही. अण्णांनाही त्याशिवाय घरी आणू नका म्हणतात.

तेव्हा सरळ प्रश्न विचारते. जुना खड्डा कुठे आहे? तुम्ही त्या घरात संसार केलात, मुलं वाढवलीत. एका ओळीचं उत्तर आहे. लगेच पाठव.

अण्णा म्हणतात, थोरलीला कळवू नकोस, उगाच जीव टांगणीला लागेल तिचा. मी कळवतेय. तुझा जीव जरा लागू दे टांगणीला.

मी ठणठणीत आहे.

धाकटी

१९ मार्च

ताई,

मी ठणठणीत नाही. ते खोटं लिहिलं होतं. मलाही झाली होती, माझी हलकी होती. शेडमध्ये पिंपाला धरून ओकत होते आणि बाहेर येऊन अण्णांना पेज भरवत होते. तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू धावत येशील आणि मग मला तुझीही उस्तवार करावी लागेल. किती शहाणी मी.

आता ऐक. आरोग्य खात्याच्या माणसांनी परवा विहिरीत ब्लिचिंग पावडर ओतली, डबाभर. म्हणाले, यापुढे अधूनमधून टाकत जा, आणि आणखी एक डबा शेडमध्ये ठेवून गेले. खड्डा मिळेपर्यंत तात्पुरतं. मी नुसती बसून होते. हाताला काम नाही, अण्णा इस्पितळात. म्हटलं खमीर तरी मरू नये. त्याला चारा घातला. नळाचं पाणी, मैदा, नेहमीसारखं. डोकं ठिकाणावर नव्हतं, नाहीतर कॅनचं पाणी घेतलं असतं.

सकाळी बरणी उघडली.

गोळा तळाला. वर पिवळट पाणी. बुडबुडा एक नाही. जानेवारीत बघितलेलंच सगळं, तोच रंग, तोच नाकात जाणारा वास. मी बेकरीवाल्याची मुलगी आहे, ताई. एकदा बघितलेला मेलेला गोळा मी विसरत नाही.

घर धुतल्याचा वास नव्हता तो. तुम्ही विहिरीत ब्लिचिंग टाकलंत. मी तपासणीचा माणूस आणणार हे मी तुला आधी कळवलं होतं, बहीण म्हणून, तुला वाईट वाटू नये म्हणून. तुला तयारीला वेळ मिळाला. पाणी शुद्ध निघालं. निघणारच, त्यात त्या दिवशी किडा जगला नसता. जाताना पुन्हा टाकलंत, आणि मग फरशा धुतल्यास, न्हाणीघर धुतलंस, जिना धुतलास, म्हणजे वासाला कारण मिळालं. केवढी टापटीप.

खमीर मेलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, थांब, पिऊ नको. म्हातारा बरोबर होता. आम्ही थांबलो होतो. थांबलो असतो. आणि तू लिहिलंस, उपसा करा, आपोआप सुधारेल. सुधारलं ना. औषध निघून गेलं आणि घाण आली, खमीर त्या घाणीवर टरारून फुगलं आणि आम्ही दोघं वेडे पेले भरून प्यायलो. खमिराला घाण चालते, ते आंबवण्याचंच काम करतं. पण आपण त्याला पाण्याचा पारखी करून ठेवलं होतं. आपल्या घराण्याचा हा मूर्खपणा अण्णांखेरीज जगात फक्त दोन बहिणींना माहीत होता. त्यातली एक मी.

अण्णांना ते पाणी पाजण्यासाठी तुला एक बोट हलवावं लागलं नाही. एक ओळ लिहिलीस, बस.

आणि तो चहा. इतकी वर्षं मी तुझ्या आदरातिथ्याचं कौतुक ऐकत आले. उन्हातून आलेल्या माणसाला तू पाणी विचारत नव्हतीस. पाहुण्यांना मुलांच्या बाटल्या घरून भरून आणायला सांगायचीस, "त्यांना आपलंच पाणी सोसतं." आम्हाला सगळ्यांना तू जपलंस, हे मला दिसतंय. पाहुणे होतो तोवर जपलंस. घर विकायची वेळ आली आणि आम्ही गिऱ्हाईक झालो.

खड्डा कुठे आहे?

धाकटी

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून वळणदार आहे.

तू लिहितेस, "आम्ही इतकी वर्षं राहिलो, आम्हाला काही झालं नाही." तुम्ही ते पाणी प्यायलात कधी? तू लिहितेस, "थोडं ब्लिचिंग टाकलं तर काय झालं, विहीर असली की सगळेच टाकतात." टाकतात. आणि घेणाऱ्याला सांगतात. तू लिहितेस, "आधीची दोन गिऱ्हाईकं पाण्यावरून परत गेली होती, आमचं तिकडचं सगळं अडलं होतं, आम्ही काय करायचं होतं?" मला सांगायचं होतंस. मी हसत हसत घेतलं असतं घर. कॅनचं पाणी आणलं असतं, खड्डा उपसला असता, तुझ्या नावाने दोन दिवस बोटं मोडली असती आणि विसरले असते. मला घर हवं होतं, ताई. तू मला फसवायची गरजच नव्हती. हे कळल्यापासून मला झोप नाही.

तू लिहितेस, "तपासणी तूच करून घेतली होतीस ना?" हे वाचून मी पत्र चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं, कारण खड्ड्याबद्दल काय लिहिलंयस ते बघायचं होतं. लिहिलंयस, "खड्ड्याचं मला काही आठवत नाही. आमच्या आधीचा असेल."

भिंतीला कोणत्या साली रंग दिला ते तुला आठवतं. माझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते तेही आठवतं, चारचौघांत सांगतेस. खड्डा आठवत नाही. आठवला तर तो आधीपासून माहीत होता असं होईल, म्हणून आठवत नाही. अण्णांच्या जिवापेक्षा तुला तुझं खरं ठरणं मोठं झालं.

माणूस लावून अंगण ठोकून बघितलं. शेडच्या मागे खणलं, जिन्याखाली खणलं. काही नाही.

अण्णांना घरी आणलं. इस्पितळवाले तरी किती ठेवतील. कॅनचं पाणी उकळून देते. हाडं राहिलीत. बरणीकडे बघत नाहीत. म्हणतात, "माझं खमीर खोटं बोललं गं. मीच तुला पी म्हणालो." दिवसभर हेच. तुझं नाव मी त्यांच्यापुढे काढलेलं नाही. ते स्वतःला दोष देतात आणि मी गप्प बसते, कारण दुसरं सांगायचं तर तुझं सांगावं लागेल.

आणि शेवटची ओळ, "गुलाबांना पाणी घालतेस ना? वाफा खणू नकोस." बाप काविळीने पडलाय आणि हिला गुलाब.

धाकटी

२८ एप्रिल

ताई,

मी घर विकायला काढलं होतं. दारावर पाटी लावली. टाळं निघेना, दुसरं काही सुचेना.

परवा दुपारी एक जोडपं आलं. तो मालाची गाडी चालवतो, ती शिवणकाम करते. तिला सातवा महिना असेल. उन्हातून चालत आली होती, जिन्याच्या पायरीवर बसली, त्याच बोलणाऱ्या पायरीवर. खोल्या बघून खूश झाले. ती म्हणाली, इथे मशीन ठेवीन, इथे पाळणा. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ताई, जरा पाणी मिळेल का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "पाणी कशाला, चहाच घ्या."

विचार करून बोलले नाही. आपोआप आलं, गोड आवाजात आलं. मी आत वळून आधण ठेवलं, तर अण्णांच्या खोलीतून आवाज आला. हल्ली ते फार बोलत नाहीत. उठून बसायचा प्रयत्न करत होते. डोळे चमकत होते.

"थोरली आली का गं?"

मी म्हटलं, नाही अण्णा, मीच आहे.

"असं होय. आवाज अगदी तिचाच वाटला." आणि पुन्हा भिंतीकडे वळून झोपले.

ताई, आदल्या दिवशी मी तो ब्लिचिंगचा डबा उचलला होता. शेडमधून विहिरीपर्यंत नेला होता. उघडला नाही, पण नेला होता, हे तुला सांगते. किती सोपं असतं ते मला कळलं. कुणी वाईट माणूस लागत नाही त्याला. थकलेलं माणूस पुरतं. तुझं मला समजलं, आणि समजलं म्हणून राग कमी होईल असं वाटलं होतं. तो वाढला. कारण मी डबा परत ठेवला.

गॅस बंद केला आणि बाहेर आले. तिला कॅनचं पाणी दिलं आणि मग दोघांना विहिरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. कावीळ, मैला, पोटुशी बाईबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. ती पोटावर हात ठेवून दोन पावलं मागे सरकली. तो चिडला. "मग पाटी कशाला लावलीत?" बरोबर बोलला. त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि पाटी काढून चुलीत घातली.

मग अंगणात उभी राहिले. सगळं अंगण उन्हाने करपलेलं, आणि विहिरीशेजारी तुझे गुलाब, माणसाच्या मुठीएवढे, पानं काळीशार. तुझ्यावरच्या रागाने मी त्यांना महिनाभर थेंब पाणी घातलेलं नाही. मला माझंच हसू आलं. खमीर घाणीवर फुगतं हे मी तुला दोन पानं भरून लिहिलं, आणि हे कशावर फुलतात ते मला दिसलं नाही. तू तर बिचारी प्रत्येक पत्रात सांगत होतीस, खणू नकोस.

पहार घेतली. मुळं नाजूक वगैरे काही नव्हती, चांगली दांडगी होती. गुडघाभर माती काढल्यावर दगडी झाकण लागलं. झाकणावर, माती आत जाऊ नये म्हणून नीट चौघडी घालून, कडा दुमडून, एक मेणकापड अंथरलेलं होतं. पिवळ्या फुलांचं. एका कोपऱ्याला अजून कपाचा गोल डाग आहे. ज्या टेबलावर आम्हाला सगळ्यांना चहा देत होतीस, त्याचं ते कापड तुझ्याच हातांनी तिथे घातलं गेलं आहे. दुसऱ्या कुणाच्या कडा इतक्या सरळ येत नाहीत. तुला आठवत नव्हतं.

खड्डा उपसणारी गाडी सोमवारी येतेय. नंतर तो बुजवून विहीर साफ करायची, मग तपासणी, यावेळी कुणालाही आधी न सांगता. घर विकणार नाही. शाळेने सांगितलंय, सुरू झालात की कळवा.

मेणकापड धुवून वाळत घातलंय. जपून ठेवलंय तुझ्यासाठी.

आज अण्णांना उन्हात आणून बसवलं. उखडलेला वाफा बघून म्हणाले, "थोरलीचे गुलाब का काढलेस?" मी म्हटलं, कीड लागली होती. ते म्हणाले, "तिला वाईट वाटेल." आणि मग पुन्हा तेच, खमीर खोटं बोललं, मीच पी म्हणालो.

हे त्यांच्या डोक्यातून मी काढू शकते. एका वाक्यात निघेल. पण ते वाक्य माझं नाही, तुझं आहे. मी बोलले तर त्यांची थोरली जाईल. तू बोललीस तर कदाचित राहील. पत्राने नको, भाऊजींच्या फोनवरून नको. इथे ये, त्यांच्या खाटेशेजारी बस आणि सांग. डॉक्टरीणबाई म्हणतात, उन्हाळा काढतील. पुढचं त्या बोलत नाहीत.

आलीस की दारात उभी राहा आणि पाणी माग. चहा मिळणार नाही.

धाकटी